व्हान हेल्माँट आणि त्याची कुंडी

झाड मातीवर पोसतें, असें ॲरिस्टॉटलच्या काळापासून विद्वान् मानीत आले होते. तें तोलून पाहिलें जान बाप्टिस्ट व्हान हेल्माँट यानें. ब्रुसेल्स नगरांत १५८० च्या सुमारास एका कुलीन घराण्यांत जन्मलेला हा पुरुष वैद्यक शिकला. परंतु त्याचें मन रमलें तें रसायनाच्या भट्टीपाशीं.

त्यानें भट्टींत वाळविलेली २०० पौंड माती एका कुंडींत भरली, तींत ५ पौंड वजनाचें वाळुंजाचें रोप लाविलें आणि धूळ पडूं नये म्हणून वर छिद्रें असलेला पत्रा बसविला. पुढें ५ वर्षें केवळ पाणी घातलें. आपण तर परवां पेरलेलें बीं आज उकरून पाहतों! अखेर झाड भरलें १६९ पौंड ३ औंस. गळालेलीं पानें त्यानें हिशेबांत धरलीं नव्हतीं. माती पुन्हां वाळवून तोलली, तों अवघी २ औंस कमी. तेव्हां झाड सारें पाण्याचेंच झालें, असें त्यानें ठरविलें.

तोल खरा, पण निर्णय अर्धाच खरा. नवल हें कीं, जळत्या कोळशांतून निघणारा अदृश्य वायु ओळखून ‘गॅस’ हें नांव प्रथम त्यानेंच योजिलें होतें. तोच कार्बन डायऑक्साइड पानें हवेंतून घेतात आणि सूर्यप्रकाशांत पाण्याशीं त्याचा संयोग करून अन्न बनवितात. उत्तर त्याच्या भट्टींत होतें, प्रश्न कुंडींत. दोहोंची गांठ पडली नाहीं. त्या २ औंसांतले क्षारही त्यानें क्षुल्लक मानून सोडले.

मतांबद्दल त्यास १६३४ सालीं धर्माधिकाऱ्यांनीं अटक केली व पुढें घरांतच कोंडून ठेविलें. तो १६४४ त वारला. त्याचे ग्रंथ पुत्रानें १६४८ त छापले, तेव्हां कुंडीची हकीकत जगास कळली.