दुसऱ्याच्या लेकराची आई

साने गुरुजींना महाराष्ट्र ओळखतो तो मुख्यतः 'श्यामची आई'चे लेखक म्हणून आणि पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे यासाठी १९४७ मध्ये प्राण पणाला लावणारे सत्याग्रही म्हणून. खानदेशाची त्यांच्याशी असलेली ओळख याहून जुनी आणि अधिक घरगुती आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते सहा वर्षे शिक्षक होते. तेथील वसतिगृहातील परक्या घरची मुले त्यांनी ज्या रीतीने सांभाळली, ती रीत त्यांच्या ग्रंथांइतकीच अभ्यासण्याजोगी आहे. मनाने दुखावलेल्या मुलांना काही काळ आपल्या घरात ठेवून घेणाऱ्या प्रतिपालक कुटुंबांची आज नितांत गरज असताना त्या सहा वर्षांचे स्मरण अगत्याचे ठरते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. एकेकाळी सुस्थितीत असलेले खोताचे घर त्यांच्या बालपणीच दारिद्र्यात उतरले. शिक्षणासाठी त्यांना दापोली, औंध, पुणे अशी वणवण करावी लागली, दुसऱ्यांच्या आधाराने दिवस काढावे लागले. याच काळात, १९१७ मध्ये, आई यशोदाबाई निवर्तल्या. घरापासून तुटलेल्या मुलाच्या मनात काय चालते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ मध्ये प्रताप हायस्कुलात रुजू झाले. पुढे वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पूर्व खानदेशातील खेड्यापाड्यांतून आलेली ही मुले वयाने लहान, घराला दुरावलेली आणि म्हणूनच कधी हट्टी तर कधी बेशिस्त. छडी हा त्या काळचा सर्वमान्य उपाय होता. गुरुजींनी तो टाळला. मुलांनी अस्ताव्यस्त टाकलेली अंथरुणे ते स्वतः आवरून ठेवीत. मळलेले कपडे धुऊन वाळत घालीत, खोल्या झाडीत, आजारी मुलाच्या उशाशी रात्र जागून काढीत. गरीब विद्यार्थ्यांसाठी ते स्वतःच्या पगारातून खर्च करीत. मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक चालवीत. काही दिवसांतच मुले ओशाळून आपली कामे आपण करू लागली.

ही केवळ भाबडी माया नव्हती. ज्या मुलाला जवळच्या माणसाने सोडले किंवा मारले, ते मूल नव्या माणसावर लगेच विश्वास टाकीत नाही. ते उलट बोलते, वस्तू लपविते, घरातून निघून जाते. हाही आपल्याला टाकून देईल काय, याची ते जणू परीक्षा पाहत असते. अशा वेळी शिक्षा केली की त्याची भीती खरी ठरते. न रागावता, रोज त्याच वेळी, त्याच मायेने त्याचे काम करणारा माणूस समोर राहिला, की हळूहळू ती भीती निवळते. आजचे बालमानसशास्त्र प्रतिपालकांना जे शिकविते, ते अमळनेरच्या त्या खोल्यांत अनुभवातून घडत होते.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला येथे थोडे थांबावे लागते. घरी रांधलेल्या भाकरीची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात होत नाही. तद्वत आजारी मुलासाठी जागविलेल्या रात्रीचीही होत नाही. पण ज्या श्रमाची किंमत मोजली जात नाही, तो फुकट मिळतो असे समजणे ही आपल्या व्यवहारातली जुनी चूक आहे. त्याची किंमत कोणीतरी भरीतच असते.

१९३० मध्ये गुरुजींनी नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली. स्वतःच्या लेकरांसारखी जपलेली मुले मागे ठेवावी लागली. प्रतिपालकाच्या वाट्यालाही हाच वियोग येतो. दत्तक मूल कायमचे आपले होते. प्रतिपालनातले मूल परिस्थिती सुधारताच आपल्या घरी परत जावे, हाच त्यातला हेतू असतो. मालकी न सांगता माया करणे ही त्यातली खरी कसोटी होय.

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. ती टिपून घेतली गुरुजींनी. दुसऱ्याचे बोलणे मनःपूर्वक ऐकून घेण्याचा हा गुण मुलांच्या सहवासातही त्यांच्या कामी आला असला पाहिजे. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. आईविना राहिलेल्या मुलाने आपले दुःख असे इतर मुलांच्या उपयोगी आणले.

या चरित्राचा शेवट मात्र टाळून पुढे जाता येत नाही. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. त्याची कारणे ठरविण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु इतरांचे अश्रू पुसणाऱ्या माणसालाही कोणाच्या तरी खांद्याची गरज असते, एवढे आपण त्यातून शिकायलाच हवे. केवळ प्रेमावर विसंबून कोणाला या कामात एकटे ढकलणे अन्यायाचे आहे. प्रतिपालकांना प्रशिक्षण हवे, समुपदेशकाची साथ हवी, अधूनमधून विश्रांतीही हवी.

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने प्रतिपालनाला कायद्याचे अधिष्ठान दिले. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ही जबाबदारी विवाहित दांपत्यांपुरती मर्यादित होती. २०२४ मध्ये सुधारित सूचनांनी ३५ ते ६० वर्षे वयाच्या अविवाहित, विधवा वा घटस्फोटित व्यक्तींनाही हे दार उघडले. एकट्या पुरुषाला मात्र केवळ मुलगाच सांभाळता येतो. गुरुजी अविवाहित होते. त्यांच्यासारख्या माणसाला २०१६ च्या सूचनांनुसार नकारच मिळाला असता, हे ध्यानात घेतले म्हणजे या बदलाचे महत्त्व कळते.

जळगाव काय, धुळे काय, दोन्ही जिल्ह्यांत आईबाप गमावलेली, दूर मजुरीला गेलेल्या आईबापांच्या मागे राहिलेली, घरातल्या मारहाणीने मिटून गेलेली मुले आहेत. ती आपल्याच वर्गांत मागच्या बाकावर बसतात. ज्यांची स्वतःची मुले मोठी होऊन घराबाहेर पडली, अशा शिक्षकांच्या व कारकुनांच्या घरांत एखादी खोली रिकामी असेल. त्यांनी जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे चौकशी तरी करावी. शासनानेही मूल सोपवून मोकळे न होता त्या घराच्या पाठीशी उभे राहावे. गुरुजींनी अमळनेरात उचललेले अंथरूण दुसऱ्याच्या लेकराचे होते. ते उचलताना त्यांनी त्याचे नाव, गाव, जात विचारली नव्हती.