वाचून दाखवणारं माणूस

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषयाचं बंधन घातलं नाही. आमच्या बॅचच्या बऱ्याच जणांनी शाळेच्या आठवणी लिहिल्या आहेत. मी मात्र अशा माणसाबद्दल लिहिते आहे, ज्याच्या वाट्याला रीतसर शाळा कधी आलीच नाही : संत गुलाबराव महाराज.

त्यांचा जन्म ६ जुलै १८८१ चा, अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीचा. हे त्यांचं आजोळ. घराणं माधानच्या मोहोडांचं. जेमतेम नऊ महिन्यांचे असताना डोळ्यांच्या दुखण्यात त्यांची दृष्टी गेली. म्हणजे अक्षर कसं दिसतं, हे त्यांनी आयुष्यात कधीच पाहिलं नाही. चौथ्या वर्षी आई गेली. पुढची काही वर्षं आजोळी आजीने सांभाळलं, मग ते माधानला वडिलांकडे आले.

त्या काळी अंध मुलाने शिकायचं कुठे? देशातली अंधांची पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला निघाली. तेव्हा ते सहा वर्षांचे होते. मुंबईत अशी शाळा १९०० साली सुरू झाली, तोवर ते एकोणीस वर्षांचे झाले होते. आज सर्व भारतीय भाषांसाठी वापरतात ती भारती ब्रेल तर १९५१ ची. वऱ्हाडातल्या खेड्यातल्या मुलापर्यंत यातलं काहीच पोचलं नाही.

पोचले ते वाचून दाखवणारे लोक. ज्याला वाचता येईल त्याला हा मुलगा पोथी वाचायला बसवी आणि ऐकून लक्षात ठेवी. त्यांच्या स्मरणशक्तीच्या पुष्कळ गोष्टी वऱ्हाडात सांगतात. त्या सोडून दिल्या, तरी त्यांनी केलेलं काम समोर आहे. १८९६ साली मनकर्णिकाबाईंशी लग्न झालं, संसार झाला. १९०१ साली, विसाव्या वर्षी, त्यांनी ज्ञानेश्वर माउलींना गुरू मानलं. ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवत. ज्ञानेश्वरांचं अद्वैत आणि गोपींची कृष्णभक्ती यांची सांगड घालून त्यांनी मधुराद्वैत मांडलं. संस्कृत, मराठी आणि हिंदीत मिळून शंभराहून अधिक ग्रंथ रचले. त्यात वेदान्त आहे, आयुर्वेद आहे, संगीत आहे; डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचा समाचारही आहे. ‘नावंग’ नावाची एक नवी भाषाच त्यांनी रचली. संगणकाच्या भाषांवर पोट चालवणाऱ्या माझ्यासारखीला याचं विशेष अप्रूप वाटतं. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. वय अवघं चौतीस.

लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. बुद्धी हेच ज्याचे डोळे, तो प्रज्ञाचक्षू. पण हे चरित्र वाचताना मला आणखी एक गोष्ट दिसते. बुद्धी त्यांची होती. वाचणारा आवाज आणि लिहून घेणारा हात मात्र दुसऱ्याचा होता. ती माणसं आधी प्रेमापोटी आणि पुढे भक्तीपोटी आली. आली नसती तर माधानमधला एक आंधळा मुलगा ओसरीवर बसून राहिला असता आणि आज त्याचं नावही कुणाला ठाऊक नसतं.

आपल्या बीड जिल्ह्यात हे चित्र मला परकं नाही. गावच्या प्राथमिक शाळेत माझ्या वर्गात एक मुलगी होती. फळ्यावरचं तिला दिसत नसे, पण पाढे सगळ्यांच्या आधी पाठ असत. पाचवीच्या वर्गात ती आली नाही. तिची कुणी चौकशी केल्याचंही मला आठवत नाही.

तेव्हा कायदा नव्हता, आता आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ठराविक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं सांगितलं. राज्याने २०२४ साली ४,८६० पदं मंजूर केली, म्हणजे एका केंद्रशाळेला एक. एका केंद्राखाली कितीतरी शाळा येतात आणि त्या वाड्यावस्त्यांवर, तांड्यांवर विखुरलेल्या असतात. शिक्षक एका शाळेत पोचला की बाकीच्या त्याची वाट पाहतात. त्याने तरी एकट्याने काय काय सांभाळायचं? अंध मुलाला ब्रेल, कर्णबधिराला खुणांची भाषा, मतिमंद मुलाला आणखी वेगळी पद्धत. त्यात आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास कोयता निघतो. आईबाप कारखान्याच्या फडावर जातात आणि असं मूल त्यांच्या मागे जातं किंवा आजीपाशी राहतं. तपासणीला शिक्षक येतो तेव्हा मूल जिल्ह्यातच नसतं. आजी सांभाळते, पण तिला वाचता येईलच असं नाही.

माझ्या कामात मी रोज पाहते की आता फोन मराठी वाचून दाखवतो. अंध मुलासाठी ही केवढी मोठी सोय आहे! पण स्वाध्यायाचा नुसता फोटो काढून ग्रुपवर टाकला, तर तो साध्या वाचकाला वाचता येईलच असं नाही. तोच मजकूर टाइप करून पाठवला, तर तो घडाघडा वाचतो. म्हणजे यंत्र आलं तरी त्याच्या अलीकडे एका माणसाने काळजी घ्यावीच लागते.

म्हणून मेळाव्याच्या निधीचा विषय निघेल तेव्हा माझं मत आताच नोंदवते. कमान जरूर बांधू या. पण त्याआधी आपल्या केंद्रातल्या शाळांत किती दिव्यांग मुलं पटावर आहेत आणि त्यांच्यासाठीचं विशेष शिक्षकाचं पद भरलेलं आहे का, हे विचारू या. पद रिकामं असेल तर माजी विद्यार्थी म्हणून जिल्हा परिषदेला एकत्र पत्र देऊ. ते काम सरकारचंच आहे, आपल्या देणगीने ते भागणार नाही. तोवर पाठ टाइप करून देणं, धडे आवाजात ध्वनिमुद्रित करणं एवढं आपण करू शकतो. टायपिंगचं काम मी घेते.

गुलाबराव महाराजांसारखा एखादाच जन्माला येतो. पण वाचून दाखवणारं माणूस मिळण्यासाठी मुलाने गुलाबराव महाराज असावं लागू नये.