खिडकीतील सृष्टी

सुंदर दृश्ये पाहावयाची तर दूर देशी गेले पाहिजे, अशी पुष्कळांची समजूत असते. दारापुढचे झाड, अंगणातील भिंत, ताटातील भाकरी या वस्तू रोज दृष्टीस पडतात. म्हणूनच त्यांकडे कोणी निरखून पाहत नाही. परंतु एका छायाचित्रकाराने आपल्या खोलीच्या खिडकीपाशी उभे राहून चौदा वर्षे छायाचित्रे काढली, आणि तरीही त्याला विषयांची वाण पडली नाही. त्याचे नाव योसेफ सुडेक.

योसेफचा जन्म १७ मार्च १८९६ रोजी बोहेमियातील कोलिन या गावी झाला. त्या काळी बोहेमिया ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात मोडत असे. आज तो चेक प्रजासत्ताकाचा भाग आहे. योसेफचे वडील घरे रंगविण्याचे काम करीत. तो अगदी लहान असतानाच ते वारले. पुढे योसेफ प्राग शहरी जाऊन पुस्तकबांधणीची विद्या शिकला. तो धंदा दोन्ही हातांच्या कौशल्याचा होता. त्याच सुमारास त्याला छायाचित्रे काढण्याचाही नाद लागला.

पहिले महायुद्ध चालू असता १९१५ साली त्याला सैन्यात जावे लागले. इटलीच्या आघाडीवर तोफगोळ्याचा तुकडा लागून त्याच्या उजव्या हाताला भयंकर इजा झाली. तो हात वाचेना. अखेर तो खांद्यापासून कापून टाकावा लागला. ऐन विशीतल्या तरुणावर केवढा हा आघात! पुस्तकबांधणीचे दार त्याला कायमचे बंद झाले. कचेरीत बसून करण्याजोगे काम त्याला मिळू शकत होते, पण ते त्याला रुचले नाही. त्याने कॅमेरा जवळ केला. जखमी सैनिकांच्या आश्रमातील आपल्या सोबत्यांची त्याने छायाचित्रे काढली. १९२२ साली त्याने प्राग येथील कलाशाळेत नाव घातले. जड कॅमेरा आणि त्याची लाकडी तिवई तो खांद्यावर वाहून नेई. एक हात अपुरा पडला, की तो दातांचे साहाय्य घेई.

१९२६ साली तो काही वादक मित्रांबरोबर इटलीस गेला. तेथे त्यांची सोबत सोडून, जेथे आपला हात गेला ते स्थळ शोधीत तो एकटाच भटकत राहिला. सुमारे दोन महिन्यांनी तो प्रागला परतला. गेलेला हात काही परत येणार नव्हता. त्यानंतर देशोदेशी फिरण्याचा विचार त्याने सोडून दिला. १९२७ साली त्याने प्रागमधील एका वाड्याच्या आवारात एक लहानशी लाकडी खोली भाड्याने घेतली. तीच त्याची कर्मभूमी ठरली. त्याची बहीण बोझेना त्याला कामात मदत करी.

१९३९ साली जर्मन सैन्याने प्रागचा ताबा घेतला. कॅमेरा घेऊन रस्त्यातून हिंडणे धोक्याचे झाले. दुसरा एखादा निराश होऊन स्वस्थ बसला असता. सुडेकने मात्र कॅमेरा आपल्याच खिडकीकडे वळविला. बाहेर एक वाकडेतिकडे झाड होते, आणि पलीकडे एक भिंत. एवढेच काय ते दृश्य! पण थंडीत काचेवर हिमाची नक्षी उमटे, पावसात थेंबांचे ओघळ वाहत, आतल्या उबेने काच धुरकट होई. आणि प्रत्येक वेळी तेच झाड निराळे दिसे. खिडकीच्या कठड्यावर तो कधी पाण्याचा पेला ठेवी, कधी एखादे फूल, कधी अंडे वा पावाचा तुकडा. त्यांवर हवा तसा प्रकाश पडेपर्यंत तो धीराने वाट पाही. १९४० पासून १९५४ पर्यंत हा उद्योग चालू होता.

त्याची छापण्याची रीतही धिमी होती. मूळ काच संवेदनशील कागदावर ठेवून तो तेवढ्याच आकाराचे चित्र छापी. चित्र मोठे करताना जे बारकावे पुसट होतात, ते या रीतीने जसेच्या तसे उतरत. मात्र त्यासाठी कॅमेराही मोठा आणि जड लागे. एका हाताच्या माणसाने तो भार आनंदाने पत्करला.

युद्ध संपल्यावर तो पुन्हा बाहेर पडला; पण त्याने नवे प्रदेश धुंडाळले नाहीत. जुन्या, लांबट चित्रे काढणाऱ्या एका कॅमेऱ्याने त्याने प्रागच्याच गल्ल्या, पूल, नदीकाठ आणि उद्याने टिपली. त्यांतील २८४ चित्रांचे पुस्तक १९५९ साली प्रसिद्ध झाले. प्रागच्या लोकांना आपलेच शहर त्यात नव्याने दिसले.

१५ सप्टेंबर १९७६ रोजी सुडेक मरण पावला. ज्या खिडकीबाहेर इतरांना एक झाड आणि एक भिंत एवढेच दिसले असते, तेथे त्याला चौदा वर्षे पुरेल एवढी सृष्टी सापडली. तिच्याकडे पाहण्यास त्याला दुसऱ्या हाताची उणीव भासली नाही. सावध दृष्टी आणि धीर या दोन गोष्टी त्याला पुरेशा झाल्या.