केशरी डुसेनबर्गचा मालक

तुमच्या कॉलेजच्या ग्रुपवर हे हमखास होत असणार. कुठल्यातरी कंपनीची नवी स्पोर्ट्स कार येते, तिचा व्हिडिओ पडतो आणि पाच मिनिटांत ग्रुपचे दोन तट होतात. एका तटाला शून्य ते शंभर किती सेकंदांत एवढंच कळतं. दुसरा तट डिझाइनवर अडून बसतो. मध्येच कोणीतरी किंमत टाकतं आणि सगळे गप्प होतात. कारण आपल्या धाराशिवमध्ये अशी गाडी पार्क केलेली दिसणं मुश्कीलच. सोलापूर हायवेवरून एखादी झपकन गेलीच, तर मोबाईल खिशातून काढेपर्यंत ती तुळजापूरच्या पुढे!

पण दोस्तांनो, हाच वाद नव्वद वर्षांपूर्वीही होता. आणि ज्या गाडीवरून तो आजही होतो, तिचा मालक मराठी घराण्यातला राजा होता. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे.

होळकर म्हटलं की तुम्हाला अहिल्यादेवी आठवतील. त्यांचं माहेर चौंडी, आपल्या भूम-परंड्याच्या शेजारच्या जामखेड तालुक्यात. होळकर हे आडनाव आलं नीरा नदीकाठच्या होळ गावावरून. तिथून निघालेल्या मल्हाररावांनी माळव्यात राज्य उभं केलं. त्याच गादीवर पुढे हे यशवंतराव बसले. जन्म 6 सप्टेंबर 1908.

गादी मिळाली तीही गाडीमुळेच?

थोडं तसंच म्हणावं लागेल. 12 जानेवारी 1925 ला मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादिर बावला या व्यापाऱ्याच्या मोटारीवर हल्ला झाला. हल्लेखोरही मोटारीतूनच आले होते. बावलाचा खून झाला. गाडीत त्याच्यासोबत होती मुमताज, इंदूर दरबार सोडून आलेली नर्तकी. तपासाचे धागे थेट इंदूरपर्यंत गेले. यशवंतरावांचे वडील तुकोजीराव तिसरे यांच्यासमोर इंग्रज सरकारने दोन पर्याय ठेवले: चौकशी आयोग किंवा गादी सोडणं. त्यांनी 1926 मध्ये गादी सोडली.

तेव्हा यशवंतराव सतरा वर्षांचे होते. म्हणजे आपण अकरावी-बारावीत असतो, त्या वयात त्यांच्या डोक्यावर एक संस्थान आलं, तेही वडिलांच्या बदनामीसकट. शिक्षण इंग्लंडमध्ये, पुढे ऑक्सफर्डला. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार हातात आले 1930 मध्ये.

त्या काळच्या राजांची आपल्या डोक्यात एक इमेज असते. फेटा, मोत्यांच्या माळा, हत्ती, शिकार. यशवंतराव त्यात बसत नाहीत. उंच, सडपातळ, सुटाबुटातला हा तरुण पॅरिस-बर्लिनच्या नव्या कलाकारांमध्ये रमायचा. एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन आर्किटेक्टकडून त्यांनी इंदुरात माणिकबाग हा राजवाडा बांधून घेतला. ना घुमट, ना नक्षी. सरळ रेषा, स्टील, काच आणि धातूचं फर्निचर. ब्रांकुशी या शिल्पकाराचे पक्षी त्यांनी विकत घेतले, मॅन रे या फोटोग्राफरने त्यांचे फोटो काढले. ही नावं आज आर्ट कॉलेजच्या अभ्यासात असतात. यशवंतरावांनी त्यांना ओळखलं तेव्हा ते स्वतः विशीत होते.

आता गाडीकडे येऊ

डुसेनबर्ग हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल, कारण ती कंपनी 1937 मध्येच बंद पडली. फ्रेड आणि ऑगस्ट हे जर्मनीत जन्मलेले दोन भाऊ अमेरिकेत गाड्या बनवायचे. 1921 ची फ्रेंच ग्रांप्री त्यांच्या गाडीने जिंकली, इंडियानापोलिस 500 ही शर्यत 1924, 1925 आणि 1927 अशी तीनदा जिंकली. रेसिंगमध्ये शिकलेलं सगळं त्यांनी रस्त्यावरच्या गाडीत ओतलं. त्यातलं सगळ्यात जोरदार मॉडेल म्हणजे एसजे. एका रांगेत आठ सिलिंडर, 6.9 लिटरचं इंजिन, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि वर सुपरचार्जर. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. हवा जास्त, की इंधनही जास्त जाळता येतं, म्हणजे ताकद जास्त. कंपनी सांगायची 320 हॉर्सपॉवर. आज आपल्याकडच्या साध्या हॅचबॅकला 65 ते 90 असते, यावरून अंदाज घ्या. आणि हे 1930 च्या दशकात!

अशा एसजे जेमतेम तीन डझन बनल्या. नुसती चॅसीच हजारो डॉलरची. बॉडी वेगळी, तिचे पैसे वेगळे. त्याच काळात फोर्डची साधी गाडी पाचशे-सहाशे डॉलरला मिळायची.

1935 मध्ये यशवंतरावांनी अशी एक एसजे मागवली. चॅसी अमेरिकेची, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याची. पुढच्या आणि मागच्या चाकातलं अंतरच आजच्या अख्ख्या अल्टोपेक्षा जास्त. एवढ्या लांबीत बसायला किती जण? फक्त दोन. बाकी सगळं बॉनेट आणि मागे निमुळती होत गेलेली शेपूट. रंग केशरी आणि काळा. कंपनीच्या शेवटच्या काही गाड्यांपैकी ही एक.

गाडीप्रेमींचे तट इथेच पडतात. एक गट म्हणतो, ही चाकांवरची शिल्पकृती आहे, अशी दुसरी झाली नाही. दुसऱ्या गटाला वाटतं, दोन टनांच्या आसपास वजन असलेल्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणायचंच कशाला? खरी स्पोर्ट्स कार हलकी हवी, वळणावर नाचायला हवी. त्यावर पहिला गट 1935 चा दाखला देतो. त्या वर्षी अब जेनकिन्स याने खास तयार केलेली डुसेनबर्ग अमेरिकेतल्या मिठाच्या मैदानावर 24 तास पळवली, सरासरी ताशी दोनशे किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने. मग दुसरा गट म्हणतो, मैदान सपाट होतं, वळणं कुठे होती?

गंमत अशी, की यशवंतरावांनी हा वाद स्वतःपुरता मिटवून टाकला होता. त्यांच्याकडे दुसऱ्या गटाची लाडकी गाडीही होती: इटलीची अल्फा रोमिओ 8सी 2900बी. डुसेनबर्गच्या निम्म्याहूनही लहान इंजिन, पण सुपरचार्जर दोन. 1938 ची मिले मिलिया ही हजार मैलांची शर्यत याच मॉडेलने जिंकली. म्हणजे आपण ग्रुपवर ज्या दोन बाजूंनी भांडतो, त्या दोन्ही बाजू या माणसाच्या एकाच गॅरेजमध्ये उभ्या होत्या.

पैसे कोणाचे?

इथपर्यंत लिहिताना मला मजा येत होती. पण तुम्हाला पडेल तो प्रश्न मलाही पडला. एवढे डॉलर आले कुठून? उत्तर सरळ आहे. संस्थानांची तिजोरी मुख्यतः शेतसाऱ्यावर भरायची. माळव्यातल्या शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्यातून ती केशरी गाडी आली. त्या काळात आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1937 मध्ये टाइम मासिकाने निजामाला जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापलं आणि इथले आपले पणजोबा पावसाची वाट बघत होते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या आपल्यासारख्यांना हे गॅरेज नुसतं भारी वाटून कसं चालेल?

पण हिशोब एवढ्यावरच बंद केला, तर तोही अर्धाच राहतो.

यशवंतरावांची पत्नी संयोगिताबाई कोल्हापूरकडच्या कागलच्या. युरोपात दोघांचे फोटो निघाले, चित्रं रंगली. 1937 मध्ये संयोगिताबाई स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. वय ऐन विशीतलं, मागे लहान मुलगी उषा. माणिकबागेचं वैभव त्यानंतर पहिल्यासारखं राहिलं नाही. पुढे त्यांनी आणखी दोन लग्नं केली, दोन्ही अमेरिकन स्त्रियांशी.

1942 मध्ये याच शौकीन राजाने अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना जाहीर पत्र लिहिलं. भारताच्या प्रश्नात अमेरिकेने मध्यस्थी करावी, अशी त्यात मागणी होती. इंग्रजांच्या मेहेरबानीवर गादी टिकलेल्या राजाने हे लिहिणं म्हणजे विषाची परीक्षाच. सरकारला ते अजिबात रुचलं नाही.

क्रिकेटवाल्यांना आणखी एक ओळख सांगते. त्यांच्या आश्रयाखालच्या होळकर संघाने सी. के. नायडूंच्या काळात रणजी करंडक चार वेळा जिंकला. मुश्ताक अली याच संघाचे.

1948 मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. राजेपण गेलं. 5 डिसेंबर 1961 ला मुंबईत यशवंतराव वारले. वय अवघं त्रेपन्न.

मागे काय राहिलं?

डुसेनबर्ग अमेरिकेत गेली. माणिकबागेतलं फर्निचर 1980 मध्ये मोनॅकोत लिलावात विकलं गेलं. 2019 मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात याच राजाच्या संग्रहाचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा जगभरातून माणसं ते बघायला गेली. आणि माणिकबाग? तिथे आता केंद्र सरकारचं टॅक्सचं ऑफिस आहे. साऱ्याच्या पैशांवर उभ्या राहिलेल्या वाड्यात शेवटी करवसुलीचं ऑफिस आलं!

इंदुरात मात्र त्यांचं नाव रोज हजारो लोकांच्या तोंडी असतं. कोणी आजारी पडलं, अपघात झाला, तर रिक्षावाल्याला एमवायला घ्या म्हणतात. एमवाय म्हणजे महाराजा यशवंतराव हॉस्पिटल. तिथे जाणाऱ्या बहुतेकांना त्या केशरी गाडीचं नाव माहीत नसेल. गाडीवर तासन्‌तास बोलणाऱ्यांपैकी किती जणांना हॉस्पिटल माहीत असेल, कोण जाणे.

पुढच्या वेळी ग्रुपवर नव्या गाडीवरून वाद रंगला की बिनधास्त भांडा. हॉर्सपॉवर मोजा, डिझाइनला नावं ठेवा, मीही तुमच्यात असेन. फक्त गाडी कोणाची, ती कोणाच्या पैशांतून आली आणि त्या माणसाने आणखी काय केलं, हेही एकदा विचारून बघा. तेवढ्यासाठी एक मिनिट ग्रुप शांत झाला, तरी हरकत नाही.