हकीम अजमल खान : हाताच्या गुणाला नियमांची जोड देणारा माणूस

आपल्या बऱ्याच घरांत आजही खमीरा, जोशांदा, अर्क हे शब्द नेहमीचे आहेत. मालेगाव, पुणे, मुंबईत आपली मुलं-मुली बीयूएमएस शिकतात, परीक्षा देतात, नोंदणी करून रीतसर दवाखाना उघडतात. पण युनानीला अशी शिस्त असावी, हा विचार शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी उचलून धरला, त्या हकीम अजमल खान यांच्याबद्दल मुलांना विचारलं तर फार तर स्वातंत्र्यसैनिक एवढंच उत्तर येतं.

हकीम साहेबांचा जन्म 1868 सालचा, दिल्लीतला. बल्लीमारान मोहल्ल्यातली शरीफ मंजिल ही त्यांची हवेली. घराणं पिढीजात हकिमांचं. मोठे भाऊ अब्दुल मजीद खान यांनी दिल्लीत मदरसा तिब्बिया सुरू केला होता. अजमल खान तरुणपणी काही वर्षं रामपूरच्या नवाबांचे हकीम होते. मग दोन्ही भावांचा एकापाठोपाठ इंतकाल झाला आणि दवाखाना, मदरसा, सगळी जबाबदारी त्यांच्यावर आली.

त्यांच्या हाताला गुण होता. बाहेरगावचे राजे-नवाब बोलवायचे तेव्हा ते भरपूर फी घेत. दिल्लीच्या गरिबाला मात्र मोफत बघत. पण हा गुण माणसाबरोबर कबरीत जातो, हे त्यांना कळत होतं. म्हणून ते वेगळ्याच कामाला लागले.

1912 मध्ये मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्यात वैद्य आणि हकिमांना जागाच नव्हती. उद्या हे लोण देशभर पसरलं तर आपली विद्या बेकायदा ठरेल, अशी भीती होती. हकीम साहेबांनी वैद्य आणि हकीम यांना एका परिषदेत आणलं. हिंदूंचं आयुर्वेद आणि मुसलमानांचं युनानी असा भेद त्यांनी कधी केला नाही. नुसता विरोध करूनही ते थांबले नाहीत. ज्याला वाटेल त्याने हकीम म्हणून बसावं, हेही त्यांना मान्य नव्हतं. ठरलेला अभ्यासक्रम हवा, परीक्षा हवी, मगच सनद, असा त्यांचा आग्रह. 1911 मध्ये युरोपात जाऊन तिथली हॉस्पिटलं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. शरीररचना आणि शस्त्रक्रिया आपल्या विद्यार्थ्यांनाही यायलाच हवी, असं त्यांचं मत होतं. 1909 मध्येच त्यांनी स्त्रियांसाठी आणि दाईंसाठी शिक्षणाची सोय केली होती.

दुसरा प्रश्न पैशाचा. चंद्यावर संस्था किती दिवस चालणार? त्यांनी हिंदुस्तानी दवाखाना उभा केला. तिथे शुद्ध औषधं तयार होऊन विकली जात आणि नफा शिक्षणाकडे वळत असे. म्हणजे भेसळीला आळा आणि कॉलेजला कायमचं उत्पन्न, दोन्ही एकाच कामात. कारभारासाठी 1911 मध्ये अंजुमन-ए-तिब्बिया ही संस्था रजिस्टर केली, पुढे तिचंच विश्वस्त मंडळ झालं. 1916 मध्ये व्हाइसरॉय हार्डिंग यांनी करोलबागेत नव्या कॉलेजची पायाभरणी केली. 13 फेब्रुवारी 1921 ला उद्घाटन केलं ते महात्मा गांधींनी. या पाच वर्षांत हकीम साहेब कुठून कुठे गेले, ते यातच दिसतं. सरकारने दिलेला हाजिक-उल-मुल्क हा किताब त्यांनी परत केला होता. लोकांनी मसीह-उल-मुल्क म्हटलं. 1921 च्या अहमदाबाद काँग्रेसचे ते अध्यक्ष होते आणि जामिया मिल्लियाचे पहिले कुलपतीही.

संशोधनासाठी त्यांनी डॉ. सलीमुज्जमा सिद्दीकी यांना तिब्बिया कॉलेजात आणलं. सिद्दीकींनी सर्पगंधेतून वेगळं केलेल्या द्रव्याला अजमलीन नाव दिलं. ते पाहायला हकीम साहेब नव्हते. 29 डिसेंबर 1927 ला रामपूरमध्ये त्यांचा इंतकाल झाला.

पुढची गोष्ट सांगितली नाही तर हा लेख अर्धवट राहील. फाळणीच्या काळात कॉलेजचं मंडळ विस्कटलं, वाद कोर्टात गेले. 1952 मध्ये दिल्ली सरकारने कायदा करून जुनं मंडळ बरखास्त केलं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1961 मध्ये तो कायदा कायम राहिला. कॉलेज आजही सुरू आहे, पण संस्थापकाच्या मंडळाकडे ते राहिलं नाही.

युनानीची नोंदणी आणि शिक्षणाचे देशपातळीवरचे नियम 1970 च्या केंद्रीय कायद्याने आले. हकीम साहेबांनी मागितलेली शिस्त यायला त्यांच्यानंतर चार दशकांहून जास्त काळ लागला.

आपल्या मोहल्ल्यातही ट्रस्टचे दवाखाने आहेत. डॉक्टर चांगला, नियत साफ, एवढ्यावर ते आज चालतात. पण हिशेब कोण तपासतो, औषध कोण तपासतो, आणि आजचे जिम्मेदार गेले की चावी कोणाकडे जाणार? पहिल्या दोन प्रश्नांची तजवीज हकीम साहेबांनी करून ठेवली होती. तिसरा प्रश्न त्यांनाही सुटला नाही. तो आपण आपल्या पुढच्या मीटिंगमध्ये जरूर विचारावा.