पटल्याखेरीज पाऊल नाही

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत, त्यांना आधी आठवतो तो त्यांतला विनोद. आणि तो आहेच तसा. पण मी ते पुस्तक पुन्हापुन्हा उघडते, ते दुसऱ्याच कारणासाठी. माणसाने स्वीकारलेला धर्म चुलीपाशी, पाण्याच्या हंड्यापाशी, पैशांच्या डब्यापाशी कसा टिकतो, याचा इतका खरा हिशेब मराठीत मला दुसरीकडे सापडलेला नाही.

लक्ष्मीबाई जन्मल्या १८६८ साली, नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या घरी. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७च्या बंडानंतर फाशी झाली होती. त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याने असे काही ग्रासले की घरात येणारी प्रत्येक वस्तू पाण्यातून काढावी लागे. धान्य तर सोडाच, मीठ-साखरसुद्धा. आता मीठ धुतल्यावर उरते किती, हे ज्याच्या त्याच्या घरातल्या बाईने ठरवावे! आईचा आणि मुलींचा सारा जन्म त्या विटाळाच्या धास्तीत गेला. हे आधी लक्षात ठेवायला हवे, कारण पुढची सगळी गोष्ट पाण्याचीच आहे.

१८८० साली त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक कवी, विद्वान, मनाचे मोठे आणि संसाराला अगदी निरुपयोगी. नोकरी धरावी, सोडावी, न सांगता कुठेही निघून जावे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले आणि त्यांनी बायबल हाती ठेवले. डोंगरावरचे प्रवचन वाचून टिळक हलले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला विश्वासात न घेता.

टिळकांचे धैर्य मोठेच. जात गेली, नातलग गेले, मानमरातब गेला. पण या धैर्याची अर्धी किंमत पदरी लहान मुलगा असलेल्या सव्वीस वर्षांच्या बाईने भरली, हे आपण सहसा विसरतो. नवरा जिवंत आणि तरी संसार मोडलेला. बहिणीच्या आधाराने त्या राहिल्या, काही काळ पंढरपुरात काढला. रडल्या, आजारी पडल्या, आणि त्याच दिवसांत कविताही करू लागल्या.

पुढे त्या टिळकांकडे तेव्हाच्या अहमदनगरला गेल्या, तरी धर्म बदलायला नव्हे. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यातली. तिची चूल निराळी, पाणी निराळे. टिळकांचे मला सर्वांत मोठे वाटते ते इथे. हा तापट माणूस, पण या एका बाबतीत त्यांनी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. तिची वेगळी चूल त्यांनी चालू दिली.

मग एका रात्री लक्ष्मीबाई विचार करत बसल्या. जाती देवाने केल्या की माणसांनी? देवाने केल्या असत्या तर जनावरांसारखा माणसांच्या अंगावर त्यांचा काही फरक दिसला असता. तसा तर दिसत नाही. एवढ्या साध्या, घरगुती विचाराने त्यांचा निकाल लागला आणि जलालपूरचे ते सोवळे सुटले. यापुढे कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे, असे त्यांनी ठरवले आणि लगेच पाळले.

क्रम पाहण्यासारखा आहे. आधी पाण्याचा विटाळ गेला, बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. म्हणजे नवऱ्यामागून पाच वर्षांनी. हा वेळ त्यांनी घेतला म्हणून पुढचे सगळे खरे उतरले, असे मला वाटते. नगर जिल्ह्यातले बहुतेक ख्रिस्ती महार-मांग समाजांतून आलेले होते. ब्राह्मण घरातून आलेल्या बाईची परीक्षा प्रार्थनेत होणार नव्हती, ती या शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून जेवताना होणार होती. ती त्या उत्तीर्ण झाल्या. दुष्काळाने पोरक्या झालेल्या मुलांना त्यांनी घरात घेतले, प्लेगमध्ये आपली माणसे दूर पळत असताना परक्या रोग्यांची उस्तवार केली.

संतपण मात्र त्यांनी अंगाला लावून घेतले नाही. टिळक घरातला पैसा कुणालाही उचलून देत, आणि उद्याच्या भाकरीची काळजी लक्ष्मीबाईंच्या गळ्यात. त्या चिडत, भांडत, आणि ते सगळे लिहूनही ठेवत. नवऱ्याचा राग, स्वतःची हट्टी मूर्ख बाजू, मिशनमधल्या मंडळींच्या गमती, काही झाकले नाही. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला, आणि पुढे साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही यावेत म्हणून. कल्पना सुंदर होती. पण पगार सुटल्यावर डाळ-तांदूळ कुठून येणार, हा प्रश्न दरबारात कुणी मांडत नसते. तो स्वयंपाकघरातच येतो.

याच घरात बालकवी ठोंबरे मुलासारखे राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यावाचून त्यांच्या ताटात काही कमी पडले नाही. १९१८ साली रेल्वेखाली त्यांचा अंत झाला, तेव्हा या घराने पोटचे पोर गेल्यासारखा शोक केला. पुढल्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळकही गेले.

त्यानंतर लक्ष्मीबाई सतरा वर्षे जगल्या. काही काळ कराचीतही होत्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईच्या मागे मुलगा देवदत्त लागला, म्हणून आठवणी लिहून झाल्या. १९३४पासून त्या पुस्तकरूपाने भागाभागांनी निघाल्या. आणखी एक काम त्यांनी अंगावर घेतले होते, त्याची आठवण कमी निघते. टिळकांनी ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य 'ख्रिस्तायन' आरंभले होते. दहा-अकरा अध्यायांवर ते थांबले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ज्या धर्माच्या दाराशी त्या पाच वर्षे हटून उभ्या होत्या, त्याचीच ही कथा. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्या वारल्या. 'ख्रिस्तायन' १९३८ साली छापून आले, तेव्हा ते हातात घ्यायला दोघांपैकी कुणीच उरले नव्हते.