घटक ४ : रघुनाथ धोंडो कर्वे – मनःस्वास्थ्याचे मराठी गद्य

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस :
• र. धों. कर्वे यांच्या जीवनकार्याचे प्रमुख टप्पे सांगता येतील.
• लैंगिक अज्ञान, भीती आणि मानसिक आरोग्य यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल.
• कर्वे यांच्या कार्याकडे आजच्या मानसशास्त्रीय संशोधनाच्या आधारे पाहता येईल.
• शास्त्रीय विषयावरील मराठी गद्यात शब्दनिवडीला असलेले महत्त्व विशद करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, बोरिवलीहून किंवा मुलुंडहून उपनगरी गाडीने प्रवास करताना डब्याच्या भिंतीवर चिकटवलेली एक लहानशी जाहिरात आपण कधी ना कधी पाहिली असेल. गुप्तरोग, धातूची दुर्बलता, तारुण्यातील चुका असे काही शब्द आणि त्यांखाली दूरध्वनी क्रमांक, एवढाच तिचा मजकूर असतो. तो वाचणारा तरुण बहुधा निरोगी असतो. मात्र आपल्या शरीरात काही बिघडले आहे, ते आपल्याच दोषामुळे बिघडले आहे आणि ते कोणाजवळ बोलण्याजोगे नाही, या तीन समजुतींचे ओझे तो वाहत असतो. जाहिरातदाराचा व्यवसाय या ओझ्यावर चालतो.

हेच ओझे उतरवण्याचा प्रयत्न एका मराठी लेखकाने आपल्या आयुष्याची सव्वीस वर्षे केला. रघुनाथ धोंडो कर्वे हे नाव आपणांस संततिनियमनाचे आद्य पुरस्कर्ते म्हणून परिचित आहे आणि ते यथार्थही आहे. तथापि, त्यांच्या कार्याची दुसरी बाजू तुलनेने दुर्लक्षित राहिली. लैंगिक विषयांतील लाज आणि भीती हा मानसिक आरोग्याचा प्रश्न आहे हे ओळखून त्यावर मराठीत, सर्वांसमक्ष आणि साध्या शब्दांत उत्तरे देणारे ते पहिल्या लेखकांपैकी एक होत. प्रस्तुत घटकात आपण त्यांच्या चरित्राचा या अंगाने परिचय करून घेणार आहोत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ घर आणि शिक्षण

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड येथे झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे आणि राधाबाई यांचे ते पुत्र. १८९१ मध्ये राधाबाईंचे निधन झाले, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. १८९३ मध्ये महर्षींनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. समाज माणसाला शिक्षा करताना दंडुक्यापेक्षा लाजेचा वापर अधिक करतो, हे या मुलाच्या डोळ्यांसमोर घडत होते.

रघुनाथराव बुद्धीने तल्लख होते. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०४ मध्ये त्यांनी पदवी मिळवली. पुढे त्यांनी गणिताच्या अध्यापनाचा पेशा पत्करला आणि गणिताच्या उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले. गृहीतक तपासायचे, पायरीपायरीने पुढे जायचे आणि निष्कर्ष अप्रिय असला तरी तो स्वीकारायचा, ही गणिताची शिस्त त्यांच्या पुढील सर्व लेखनात दिसते.

४.२.२ केंद्र आणि राजीनामा

१९२१ मध्ये रघुनाथरावांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र सुरू केले. भारतातील अशा स्वरूपाचे ते पहिले केंद्र मानले जाते. मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले केंद्र उघडले तेही याच वर्षी. पत्नी मालतीबाई या कार्यात त्यांच्या बरोबरीच्या सहकारी होत्या. दोघांनी विचारपूर्वक अपत्यहीन राहण्याचे ठरवले.

त्या वेळी ते विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाचा प्रचार किंवा नोकरी यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ त्यांच्यावर आली. १९२५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. चाळिशी ओलांडलेल्या प्राध्यापकाने स्थिर उत्पन्न सोडून पत्करलेला हा मार्ग परतीचा नव्हता. देशातील वातावरणही प्रतिकूल होते. संततिनियमनासाठी महात्मा गांधी ब्रह्मचर्याचा आग्रह धरीत आणि कृत्रिम साधनांना त्यांचा विरोध होता. कर्व्यांच्या दृष्टीने हा आग्रह सामान्य स्त्रीपुरुषांच्या वाट्याला अपयश आणि त्यातून येणारा अपराधीपणा एवढेच ठेवणारा होता.

४.२.३ समाजस्वास्थ्य आणि वाचकांची पत्रे

जुलै १९२७ मध्ये कर्व्यांनी समाजस्वास्थ्य हे मासिक सुरू केले. ते नोव्हेंबर १९५३ पर्यंत चालले. संपादन आणि बरेचसे लेखन ते स्वतःच करीत. शारदेची पत्रे या नावाने प्रसिद्ध झालेले सदरही त्यांच्याच लेखणीतून उतरले.

मासिकाचे नाव भाषेच्या अभ्यासकाने थोडे थांबून पाहावे असे आहे. स्वस्थ म्हणजे स्वतःच्या ठायी स्थिर असलेला. मराठीत एखादा माणूस अस्वस्थ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्याला ताप आला आहे असा अर्थ सहसा होत नाही. त्याच्या मनाची घालमेल चालली आहे, असा होतो. शरीर आणि मन या दोहोंना एकाच वेळी कवेत घेणारा शब्द कर्व्यांनी मासिकाला दिला आणि त्यामागे समाज हे पद जोडले.

या मासिकात वाचकांच्या खाजगी प्रश्नांना उत्तरे दिली जात. हस्तमैथुन, झोपेत होणारे वीर्यस्खलन, समलिंगी आकर्षण, पतिपत्नींच्या संबंधांतील अडचणी हे विषय घरात, शाळेत वा वैद्याकडेही मोकळेपणाने काढता येत नसत. कर्व्यांची उत्तरे थोडक्यात असत, मुद्द्याची असत आणि प्रसंगी उपरोधिकही असत. प्रश्न विचारल्याबद्दल विचारणाऱ्याला खाली मान घालावी लागू नये, हा मात्र त्यांचा कटाक्ष होता.

येथे शब्दांचा प्रश्न निर्णायक ठरतो. स्वप्नदोष, हस्तदोष, वीर्यनाश हे रूढ शब्द पाहा. त्यांत घटनेचे वर्णन कमी आणि निवाडा अधिक आहे. दोष आणि नाश ही पदे शब्दातच बसलेली असल्यामुळे तो शब्द उच्चारणारा आपोआप आरोपी होतो. धातू जाणे या वाक्प्रचारातही काहीतरी कायमचे गमावल्याची सूचना आहे. अशा भाषेत प्रश्न विचारणाऱ्याला निर्भय उत्तर द्यायचे, तर घटनेपासून निवाडा वेगळा करावा लागतो. कर्व्यांचे गद्य हे काम करते. संततिनियमन, आधुनिक कामशास्त्र, वेश्याव्यवसाय ही त्यांच्या पुस्तकांची नावेही पडदा न ठेवणारी आहेत.

४.२.४ न्यायालयात

या मोकळेपणाची किंमत त्यांना मोजावी लागली. व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल १९३१ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १०० रुपये दंड झाला. वरच्या न्यायालयातील अपीलही फेटाळले गेले.

१९३४ चा खटला आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. या वेळी आक्षेप होता तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध हे त्या प्रश्नांचे विषय होते. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. लैंगिक विषयावरील प्रत्येक लेखन अश्लील ठरत नाही, लोकांच्या मनात प्रश्न असतील तर त्यांना ज्ञानानेच उत्तर दिले पाहिजे, अशी त्यांच्या युक्तिवादाची दिशा होती. हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधारही त्यांनी घेतला. योगायोग असा, की एलिस यांचा समलिंगी आकर्षणावरील ग्रंथ विकल्याबद्दल १८९८ मध्ये लंडनमध्येही खटला भरला गेला होता. मुंबईच्या न्यायालयाने कर्व्यांना २०० रुपये दंड केला. खटला ते हरले. उत्तरे देणे त्यांनी थांबवले नाही.

४.२.५ आजच्या संशोधनाच्या प्रकाशात

कर्व्यांचे निधन १४ ऑक्टोबर १९५३ रोजी झाले. वडील महर्षी कर्वे त्यांच्यानंतर नऊ वर्षे हयात होते. त्यांच्या मृत्यूनंतरच्या दशकांत मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञान यांनी या विषयावर जो प्रकाश टाकला, त्याचा चार मुद्द्यांत विचार करू.

(१) धात लक्षणसमूह : १९६० मध्ये भारतीय मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी या अवस्थेला हे नाव दिले. वीर्य गेल्याने शक्ती गेली, या समजुतीमुळे तरुणांना थकवा, अशक्तपणा, चिंता आणि अपराधीपणा जाणवतो. अनेकदा त्याबरोबर नैराश्यही आढळते. त्रास खरा असतो, पण त्याचे कारण वीर्यात नसून समजुतीत असते. उपचारांत लैंगिक शिक्षण आणि समुपदेशन यांना मुख्य स्थान आहे; नैराश्य असल्यास औषधेही दिली जातात. ही भीती केवळ भारतीय नाही. टिसो या स्विस वैद्याने १७६० मध्ये हस्तमैथुनाचे भयंकर परिणाम वर्णन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि युरोपातील अनेक पिढ्या त्या दहशतीखाली वाढल्या. पाश्चात्त्य समाजांतही ही चिंता होती, हे २००४ मध्ये ब्रिटिश मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकातील एका लेखाने दाखवून दिले.

(२) निद्रेचे विज्ञान : कर्व्यांच्या निधनाच्या महिनाभर आधी, सप्टेंबर १९५३ मध्ये, शिकागो येथील असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतील शीघ्र नेत्रचलनाच्या टप्प्याचा शोध प्रसिद्ध केला. या टप्प्यात मेंदू अतिशय क्रियाशील असतो. निरोगी पुरुषांत झोपेतील इंद्रियाची ताठरता याच टप्प्याशी निगडित असते, हे १९६० च्या दशकातील प्रयोगांत आढळले. ज्या शारीरिक घडामोडींना परंपरेने चारित्र्याच्या खात्यावर मांडले होते, त्यांतील काही मेंदूच्या नित्य चक्राचा भाग निघाल्या.

(३) समलिंगी आकर्षण : अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये ते विकारांच्या यादीतून वगळले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. १९३४ च्या खटल्यापासून येथवर येण्यास ८४ वर्षे लागली.

(४) शब्द आणि भावना : पेनबेकर आणि बील यांच्या १९८६ मधील अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपल्या मनातील क्लेशदायक अनुभव चार दिवस, रोज सुमारे पंधरा मिनिटे लिहून काढले. घटना आणि भावना या दोहोंविषयी लिहिणाऱ्यांना पुढील काही महिन्यांत आरोग्यकेंद्रात जाण्याची गरज कमी पडली. २००७ मध्ये लीबरमन आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमांकनाद्वारे असे पाहिले, की चेहऱ्यावरील भावनेला शब्दाने नाव दिले असता भीतीशी संबंधित अमिग्डला या भागाची क्रियाशीलता कमी होते. कर्व्यांच्या वाचकांवर असे प्रयोग झालेले नाहीत. म्हणून या निष्कर्षांवरून थेट अनुमान काढणे योग्य नव्हे. परंतु ज्या गोष्टीला निर्दोष नाव नव्हते, तिच्याविषयी पत्र लिहिणे आणि छापील उत्तर वाचणे यातून वाचकाचे मन हलके का होत असावे, याचा विचार करण्यास हे संशोधन उपयुक्त आहे.

४.२.६ मर्यादा

चरित्राचा अभ्यास करताना गौरवाइतकीच चिकित्साही आवश्यक असते. कर्व्यांचा भर बुद्धिवादावर होता. चूक समजूत दूर झाली की भीतीही जाईल, असा त्यांच्या लेखनाचा रोख आहे. आज आपण जाणतो, की माहिती मिळाल्यावरही भीती रेंगाळते; तिच्यासाठी संवाद, वेळ आणि कधी औषधोपचारही लागतात. त्यांच्या काळातील संततिनियमनाच्या जागतिक चळवळीवर सुप्रजननवादाची छाया होती, हेही विसरता येत नाही. शिवाय छापील मासिक साक्षरांपुरतेच पोहोचत होते. समाजस्वास्थ्याला पत्र लिहू न शकणाऱ्या असंख्य स्त्रीपुरुषांचे प्रश्न अनुत्तरितच राहिले.

४.३ सारांश

कर्व्यांनी नोकरी सोडली, दंड भरले, उपहास सोसला आणि तरीही मासिक चालू ठेवले. त्यांच्या आयुष्यावर २००१ मध्ये अमोल पालेकर यांनी ध्यासपर्व हा चित्रपट काढला. कर्व्यांच्या कार्याचा एक मोठा भाग भाषेत घडला, हे या घटकात आपण पाहिले. निवाडा करणाऱ्या शब्दांतून घटनेला सोडवणे, लाजेने दबलेल्या प्रश्नाला चारचौघांत उभे राहता येईल असे उत्तर देणे, ही त्यांची रीत होती. धात लक्षणसमूहावरील उपचारांत आजही लैंगिक शिक्षणाला जे स्थान आहे, ते या रीतीच्या बाजूने साक्ष देते. गाडीतील ती जाहिरात अजून निघालेली नाही. ती वाचून घाबरलेला तरुण आपल्या घरातील किंवा शेजारचा असू शकतो, आणि त्याच्याशी कोणत्या शब्दांत बोलावे हा प्रश्न आता आपल्यापुढे आहे.

४.४ शब्दार्थ

अपराधगंड – आपण दोषी आहोत ही मनात घर करून बसलेली भावना.
लक्षणसमूह – एकत्र आढळणाऱ्या लक्षणांचा गट.
प्रतिमांकन – यंत्राच्या साहाय्याने शरीरातील भागांची चित्रे घेण्याची पद्धत.
सुप्रजननवाद – निवडक प्रजननाने मानववंश सुधारावा, असे मानणारा विचार.

४.५ स्वाध्याय

१. समाजस्वास्थ्य या मासिकाचे नाव विषयाला कसे अनुरूप आहे, ते स्पष्ट करा.
२. १९३४ च्या खटल्याचे महत्त्व मानसिक आरोग्याच्या दृष्टीने विशद करा.
३. कर्व्यांच्या बुद्धिवादी भूमिकेच्या मर्यादा सोदाहरण लिहा.
४. उपक्रम : शरीर व मन यांविषयी आपल्या परिसरात वापरले जाणारे दहा शब्द जमवा. त्यांत वर्णन किती आणि निवाडा किती, याची नोंद करा. ज्या शब्दांत निवाडा आढळेल, त्यांना आपल्या बोलीतील पर्यायी शब्द सुचवा.